हळदीचं जंगल

प्रेरणा कुठून मिळाली, असं हल्ली मला विचारतात. परवा नागपूरच्या कुठल्याशा कॉलेजातली एक मुलगी आली होती. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून बसली आणि म्हणाली, आजी, नाटकाचे पडदे रंगवायची प्रेरणा तुम्हाला कशातून मिळाली? मी म्हटलं, बारदान्यातून. तिला वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. ती हसली, मोबाइल बंद केला, चहा प्यायली आणि गेली. तिचं काही चुकलं नाही. प्रेरणा म्हटलं की लोकांना काहीतरी उंचावरचं लागतं, आणि मी तिला धानाचं पोतं दाखवलं. पण खरं तेच होतं, आणि आता वेळ आहे तर नीट सांगून टाकते.

आमचं गाव दिघोरीपासून बैलगाडीच्या अंतरावर. घरापुढे धानाची बांधी, बांधीपलीकडे तलाव, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाची आणि पळसाची झाडं. बाबा धान पिकवायचे आणि वर्षातून एक दिवस राजा व्हायचे. हे दोन्ही धंदे त्यांना सारखेच मोठे वाटत, किंबहुना दुसरा जरा जास्तच. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाव्हणे येतात, जावई येतात, दंडार नाचते आणि गावचे हौशी लोक नाटक करतात. बाकीच्या गावांत नाटक रात्रभर चालायचं, आमच्या गावात भर दुपारी. एका वर्षी गॅसबत्तीनं मांडवाच्या तट्ट्यांनी पेट घेतला होता, तेव्हापासून मंडळानं रात्रीचं नाटक बंद केलं. आसपासची गावं आम्हाला 'उन्हातले राजे' म्हणून चिडवायची. बाबांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, उजेडात जो राजा दिसतो तोच खरा.

बाबांच्या तालमी पावसाळ्यापासून सुरू व्हायच्या, त्याही बांधीत. चिखलणी करताना ते बैलांशी शुद्ध मराठीत बोलत. "सेनापती, शत्रू सीमेवर येऊन ठेपला आहे आणि तुम्ही निद्राधीन?" असं खड्या आवाजात म्हणायचे आणि बैल थांबायचा. मग पुढचं वाक्य आमच्या बोलीत: "चाल बे, तुले का झालं?" माय शिदोरी घेऊन पाळीवर उभी असे. तांदळाचे आयते आणि लाखोळीच्या डाळीचं बेसन, कधी तलावातल्या बारक्या मासोळ्यांचा झणझणीत रस्सा. "राजेसाहेब, जेवाले या," ती म्हणायची, आणि राजेसाहेब गुडघाभर चिखलातून यायचे. मी हे इतकी वर्षं पाहिलं की राजा म्हटलं की आजही मला आधी चिखलाचे पाय आठवतात.

मंडळाचे तीन पडदे होते: दरबार, रस्ता आणि जंगल. कधी काळी शहरातल्या पेंटरकडून आणलेले. रिवाज असा की राजाचं काम ज्याच्या घरी, पडदे वर्षभर त्याच्या घरी. बांबूला गुंडाळून ते आमच्या माळ्यावर ठेवलेले असत आणि माय त्यांना देवासारखी जपायची. त्यातला जंगलाचा पडदा माझा लाडका. त्यात बर्फाचे डोंगर होते, टोकदार झाडं होती, निळं पाणी आणि त्यात दोन राजहंस. आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी झाडी, दिवसाढवळ्या रानडुकरं बांधीत उतरायची, तरी गावाच्या लेखी जंगल म्हणजे ते पडद्यावरचं. बाहेर होती ती नुसती झाडी.

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर पडदे उन्हाला काढले, तेव्हा दरबार आणि रस्ता धड निघाले आणि जंगल उलगडेचना. भिंतीकडच्या बाजूनं उधई, म्हणजे वाळवी, शिरली होती. बाबांनी ओढलं तसा राजहंसाचा भुगा त्यांच्या हातात आला. बाबा ओट्यावर बसले आणि बराच वेळ हात झटकत राहिले. मायनं माळ्याचं लाकूड खराट्यानं झाडायला घेतलं.

संध्याकाळी हरबाजीकाका आले. हे मंडळाचे अध्यक्ष आणि नाटकातले कायमचे प्रधान. बाबांच्याच वयाचे, आणि मुकुटावर त्यांचा किती वर्षांपासून डोळा होता हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्यांनी उधईचा भुगा पाहिला, चुकचुकले आणि तंबाखू मळत म्हणाले, "डोमाजी, वाईट झालं गा. पन परदा तुह्या घरी खराब झाला, तं तूच भरून दे. मंडईले जंगल आलं पायजे. नाई आलं तं मंग..." पुढचं ते बोलले नाहीत, तंबाखूची गोळी तोंडात टाकली.

"तं मंग का?" बाबांनी विचारलं.

"मंग राजाचं काम दुसऱ्याले द्या लागंन. रिवाज हाय, मी थोडीच केला. आन हे पाय, परदा पेंटरचाच पायजे. बायामानसायनं भिताड सारवल्यावानी नोको."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, हे मला समजलं. गावातल्या लग्नाच्या भिंती मी रंगवायची. गेरू, चुना, काडीला गुंडाळलेली चिंधी, एवढंच सामान. सुपावरच्या विणीवरून मी नक्षी उचलायची, टोपलीच्या काठावरून, मासे धरायच्या जाळ्याच्या गाठीवरून. ते चित्र असतं असं तेव्हा कोणी मला सांगितलं नव्हतं. लोक नुसतं म्हणत, डोमाजीच्या पोट्टीचा हात बरा आहे. आणि नाटकाच्या मंचावर बाईमाणसानं चढायचं नाही, पडद्याला रंगाचा हात लावायचा नाही, हा दुसरा रिवाज. नाटकातल्या राण्यासुद्धा मिशा काढलेले बाप्ये होते.

बाबांना मंडईपर्यंत पेंटर मिळणार नव्हता, आणि मिळता तरी शहरातून पडदा आणण्यासारखी आमची परिस्थिती नव्हती. ते बैलांशी बोलायचे थांबले. नुसतं "हो" आणि "चाल". मला त्यांचं शुद्ध मराठी कधी ऐकावंसं वाटेल असं वाटलं नव्हतं, पण घर फार मुकं झालं. एक दिवस आयते टाकता टाकता मायनंच विषय काढला. "सयत्रा काढंन परदा," ती म्हणाली. बाबा जेवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "कायच्यावर काढंन? कापड कोठी हाय?" माय म्हणाली, "बारदाना हाय ना." बाबांनी मान वर केली. "आन धान कायच्यात भरशीन?" "तट्ट्याच्या ढोलीत ऱ्हाईन धान. एक साल पोत्यात नाई भरलं तं का आंगावर येते?" हे सगळं ती तव्याकडे बघत बोलली. मला कोणी विचारलंच नाही.

पण रंग हातात धरायच्या आधी माझा एक प्रवास झाला, आणि तो नसता झाला तर पुढचं काहीच झालं नसतं. गोविंदमामा चिखल्याला खाणीत होते. त्यांना मुलगा झाला होता, म्हणून माय मला घेऊन बारशाला निघाली. अड्याळला गाडी बदलली, भंडाऱ्याला बदलली, तुमसरला बदलली. मी खिडकीजवळ बसले होते. अड्याळच्या स्टँडवर बुरडाची बाई हिरव्या आणि पिवळ्या कामट्या आलटून पालटून टोपली विणत होती, भंडाऱ्याच्या दुकानांतून पाणी भरायचे पितळेचे गुंड एकावर एक रचलेले होते, आणि प्रत्येक गुंडात वरचा गुंड वाकडा दिसत होता. इतकं सगळं एका दिवसात मी कधी पाहिलं नव्हतं. मायला गाडी लागत होती, ती लिंबू चोखत डोळे मिटून बसली होती, आणि मला मात्र गाव मागे पडत असल्याचा आनंद होत होता. तो आनंद मी तेव्हा कोणाला सांगितला नाही.

चिखल्यात सगळंच काळं होतं. मॅंगनीजच्या दगडाचे ढीग काळे, रस्ता काळा, ढिगांवर दगड निवडणाऱ्या बायांचे हात कोपरापर्यंत काळे. मामांच्या क्वार्टरच्या दारावर माणसांच्या उंचीला बोटांचे काळे ठसे होते. कामावरून आले की दार ढकलताना उमटलेले, रोजचे. मामी ते धुवून धुवून थकली होती. कॉलनीच्या मागे झाडं होती. खाणीची धूळ बसून त्यांची खोडं आणि फांद्या काळ्याभोर झालेल्या, अगदी बारीक डहाळीपर्यंत. आमच्या गावात झाड म्हणजे हिरवा पुंजका. इथं मला पहिल्यांदा कळलं की झाडाला आत हाडं असतात. मी दिवसभर तिथंच घुटमळत राहिले. निघताना मामांना म्हटलं, "मामा, मले हा दगड पायजे." त्यांना हसू आलं. "लोकं मामाकडून लुगडं मागते आन हे पोट्टी गोटा मागते," ते म्हणाले, आणि रस्त्याकडेला पडलेले चुऱ्याचे खडे त्यांनी फडक्यात बांधून दिले. "पन ध्यान ठेव, हे कारं हातचं लवकर निंगत नाई."

परत आल्यावर कामाला लागलो. मायनं पोत्यांच्या शिवणी उसवल्या आणि दाभण-सुतळीनं पोती एकमेकांना जोडली. घरामागच्या रिकाम्या खळ्यावर तो एवढा मोठा बारदाना पसरला की कोंबड्या घाबरून दूर गेल्या. चिंचोक्याची खळ शिजवून लावली, वाळल्यावर वरून चुन्याचे हात दिले. गेरू होता, कपड्याला द्यायची नीळ होती, हळद घरची होती. हिरव्याची पंचाईत होती. पानांचा रस लावून पाहिला तर दुसऱ्या दिवशी शेणासारखा झाला. मग मी हळदीत नीळ कालवली. मडक्यात असा हिरवा झाला की बांधीतल्या धानाला लाज वाटावी. त्या दिवशी माय हलक्या धानाच्या कापणीला गेली होती आणि बाबाही बांधीतच होते. घरी मी एकटी. मी पिसाटल्यासारखी रंग लावत सुटले. डोंगर नाही, राजहंस नाही, नुसती पानं. पहिलं टोक करून दुसऱ्या टोकाला गेले आणि वळून पाहिलं तर मागचं जंगल तांबडं व्हायला लागलं होतं. मला वाटलं हळद कमी पडली. मी अजून हळद घातली. ते आणखी तांबडं झालं. मी अजून घातली. घरातली वर्षाची हळद संपली तेव्हा मी थांबले.

माय सांजच्याला आली, विळा कमरेचा काढायच्या आधी खळ्यावर आली आणि पाहतच राहिली. मग म्हणाली, "पोरी, हळदीले चुना लागला तं का होते?"

मी म्हटलं, "कुकू."

"मंग?"

आमच्याकडची कोणतीही बाई झोपेतही सांगेल की हळद आणि चुना एकत्र आले की कुंकू होतं. मी ते लहानपणापासून मायच्या हातानं होताना पाहिलं होतं. पण कुंकू देवघरातलं आणि रंग खळ्यावरचा, ही दोन ठिकाणं डोक्यात वेगळी होती. मला रडू कोसळलं. बारदाना गेला, हळद गेली आणि बाबांचा मुकुट गेला. माय शेजारी बसली. "आख्ख्या गावाले पुरंन येवढं कुकू केलं तुनं," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मायचं असंच होतं, नको तिथं हसू यायचं. तिचं पाहून मला राग आला आणि रागानं रडणं थांबलं.

सकाळी उन्हात पडदा पुन्हा पाहिला. हिरवं काही उरलं नव्हतं. कुठे विटेचा रंग, कुठे शेंदरी, कुठे गर्द लाल. तेवढ्यात बाबा मागून आले आणि म्हणाले, "फागुनातल्या परसावानी दिसते." आमच्याकडे पळसाला परस म्हणतात. फाल्गुनात त्याला एक पान नसतं, नुसती फुलं, आणि खाली खोड आणि फांद्या. मला चिखल्याची झाडं आठवली. मी धावत घरात गेले, मामांनी दिलेलं फडकं काढलं, खडे उखळात कुटले, वस्त्रगाळ केले, खळीत कालवले आणि त्या लालीतून काळी झाडं ओढायला लागले. खोड, फांदी, डहाळी. मडक्याच्या बुडाला आलेली खळ पाणी घालून वापरली. बाबा त्या दिवशी कापणीला गेले नाहीत. ते पडद्याच्या कडेनं फिरत राहिले आणि मला जिथं हात पुरत नव्हता तिथं त्यांनी पाट सरकवून दिला.

हरबाजीकाका पडदा पाहायला आले तेव्हा मला घरात बसवलं होतं. भिंतीआडून ऐकू येत होतं. "कोन काढला?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "चिखल्याच्या पेंटरनं. साळ्याच्या वळखीचा हाय." मुकुट वाचवायचा तर दुसरं काही सांगणं शक्य नव्हतं, ते मलाही कळत होतं. कळत होतं, पण वाईट वाटलं, आणि ते किती वाटलं हे सांगायला आजही मला शब्द जड जातात. हरबाजीकाका पडद्याभोवती फिरले असावेत. "पन डोमाजी, जंगल हिरवं असते. आन दिवारीत परस कोठी फुलते गा?" बाबा म्हणाले, "राजाच्या राज्यात फुलते." पेंटरचा पडदा होता, रिवाज पुरा झाला होता.

मंडईच्या दिवशी दुपारी नाटक उभं राहिलं. शिंगाड्यांच्या टोपल्या, फुगेवाले, दंडारीचे ढोल, पाव्हण्यांची गर्दी. बायांची बसायची जागा डाव्या अंगाला होती, मी मायच्या मागे बसले. दुसऱ्या अंकात जंगल सोडलं. उन्हाचा कवडसा त्याच्यावर पडला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अगा, हा तं आपल्या पाळीवरचा परस," आणि टाळ्या पडल्या. राजा अजून यायचा होता. बाबा विंगेत उभे होते आणि त्यांच्या प्रवेशाची टाळी पडद्यानं खाल्ली होती. नंतर ते डोक्यावर मुकुट, अंगात जरीचा झगा अशा थाटात आले. शिकारीला निघालेल्या राजाचा प्रवेश. त्यांना दोन पावलं पुढे येऊन लोकांकडे तोंड करून बोलायचं होतं. ते आले, आणि लोकांकडे पाठ केली. नटानं पाठ करायची नाही, हे बाबांनीच गावातल्या सगळ्या पोरांना शिकवलं होतं. ते पडद्याकडे पाहत उभे राहिले. प्रॉम्प्टर विंगेतून वाक्य सांगत होता, ते मायलाही ऐकू गेलं.

मग ते वळले आणि खड्या आवाजात म्हणाले, "प्रधानजी, हे वन कोणी लावलं?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. हरबाजीकाका प्रधानाच्या पगडीत घामेजून उभे होते. त्यांनी प्रॉम्प्टरकडे पाहिलं. प्रॉम्प्टर पानं उलटत होता. "महाराज... महाराज, ते..." एवढंच काका म्हणाले. मांडवात खसखस पिकली. मायनं मागे न पाहता माझा गुडघा घट्ट धरला.

"तुमाले नाई मालूम," बाबा म्हणाले. राजाच्या तोंडचं शुद्ध मराठी गळून पडलं होतं, चिखलणीच्या वेळचा आवाज होता तो. "मले मालूम हाय. माह्या पोरीनं लावलं. सयत्रानं."

पुढे नाटक झालं, नीट झालं. राजा जिंकला, राण्यांच्या मिशा थोड्या दिसल्या, लोक हसले. संध्याकाळी मंडळ बसलं. मंडळाशी खोटं बोलल्याबद्दल आणि बाईमाणसाच्या हातचा पडदा मंचावर चढवल्याबद्दल राजाचं काम डोमाजीकडून काढून घेण्यात आलं. मुकुट त्याच दिवशी हरबाजीकाकांच्या घरी गेला. दरबार आणि रस्ता हे दोन पडदेही गेले. जंगल मात्र गुंडाळून परत आमच्या ओट्यावर आणून टाकलं, आणि पुढच्या मंडईला मंडळाचेच लोक ते न्यायला आले, कारण पाव्हणे आल्या आल्या लाल जंगलाची चौकशी करत होते. त्या चौकशीतूनच पुढे दुसऱ्या गावांचे पडदे माझ्याकडे आले, मग नाटक कंपन्यांचे आले, आणि माझं आयुष्य त्यात गेलं. आता फ्लेक्सचे पडदे येतात. त्यात पुन्हा बर्फाचे डोंगर असतात. मला त्याचं काही म्हणायचं नाही.

बाबांना पुढे भालदाराचं काम मिळालं. हातात भाला घेऊन मंचाच्या कडेला उभं राहायचं, पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत. एकही वाक्य नाही. बैलांशीही ते आता आमच्याच बोलीत बोलत. ते पाहून माझा जीव कासावीस व्हायचा. एका मंडईला त्यांचा फेटा बांधून देताना मी विचारलंच, "बाबा, राजा नाई होता आलं, वाईट नाई वाटत तुमाले?"

त्यांनी भाला हातात घेतला, तोल पाहिला आणि म्हणाले, "राजाले परदा दिसत नाई, पोरी. त्याले लोकायकडं तोंड करून उभं राहा लागते. भालदार आडवा उभा असते. मी नाटकभर पायत ऱ्हायतो."

मी फेट्याची गाठ मारली, आणि ते जंगलाकडे निघाले.